राघूचं उष्टावण

माझ्या आत्याचे हात बाईमाणसाच्या मानाने मोठे होते. नारळ सोलून तळव्यांना घट्टे पडलेले, आणि उजव्या हाताचं पहिलं बोट कधीतरी विळीवर कापून जरा वाकडं झालेलं. असल्या हातांनी तिने पोपटाचं एवढंसं पिलू जगवलं, हे मी नातवंडांना सांगते तेव्हा ती "हो का" म्हणतात आणि खेळायला पळतात. पळू देत. मी हे त्यांच्यासाठी लिहीतच नाही. ज्यांनी ज्यांनी त्या हातांना नावं ठेवली त्यांच्यासाठी लिहिते आहे, आणि त्यांत माझी आई होती आणि एका परीने मीही होते.

आमची नारळाची वाडी नागावला. गोष्ट एकोणीसशे तिसाच्या आगेमागची, मी नऊ वर्षांची. घरात आईवडील, मी, माझा पाच महिन्यांचा भाऊ आणि आत्या, म्हणजे वडिलांची धाकटी बहीण. ती तेव्हा सव्वीस वर्षांची होती. अठराव्या वर्षी तिचं आठ महिन्यांचं मूल गेलं आणि त्याच वर्षी नवराही गेला. मग ती माहेरी आली ती कायमचीच. चूल तिच्याकडे, दूधदुभतं तिच्याकडे, वाडीला पाणी लावायचं तेही बघणारी तीच. पण माझ्या भावाला तिने मांडीवर घेतलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. आईने तसं तोंडाने कधी सांगितलं नाही हो. आत्या पाळण्याच्या बाजूला आली की आई हातातलं काम टाकून उठायची आणि पाळण्याला झोके द्यायला लागायची, एवढंच. आत्याला ते समजायचं. ती दोन हात लांबूनच "काय रे लबाडा" म्हणायची आणि विहिरीकडे वळायची.

होळी होऊन चार दिवस झाले होते. गोठ्याजवळच्या एका माडाचा शेंडा जळून गेला होता आणि नुसता खांब उरला होता. पावसाळ्यात तो गोठ्यावर पडायला नको म्हणून वडिलांनी तोडायला सांगितला. माड आडवा झाला तसा तोडणारा गडी ओरडला. वरच्या ढोलीत पोपटाची तीन पिलं होती. दोन जागीच गेली. तिसरं त्याने मुंडाशाच्या टोकात धरून मागल्या दारी आणलं.

"बाय, यो येकच जिता हाय," तो आत्याला म्हणाला. "जगंल का न्हाय, ठाव न्हाय."

मी वाकून पाहिलं आणि मागेच सरले. शी! पोपट म्हणजे हिरवागार, गळ्यात कंठी, असं माझ्या डोक्यात. हे तर नागडं, नुसतं पोट आणि मुंडकं, डोळे अर्धे मिटलेले, पंखांच्या जागी टोचरी खुंटं. आई म्हणाली, "नको ग बाई, परत नेऊन ठेव कुठेतरी झाडावर." आत्याने हात पुढे केलेच नाहीत. ती म्हणाली, "माझ्याकडे नको, वहिनी. मेलं तर पुन्हा माझ्याच हातांवर येईल."

मला वाटलं, आई आता म्हणेल, छे हो वन्सं, काहीतरीच काय. आई खाली मान घालून पावटे सोलत राहिली. मी तेव्हापासूनच तोंडाची फटकळ. "मेलं तर माझ्या हातांवर येऊ दे," म्हणून मी तरातरा पुढे झाले, पिलू घेतलं आणि ते माझ्या बोटांतून निसटलं. जमिनीवर पडायच्या आत आत्याने झेललं. एकदा झेलल्यावर मग तिने ते खाली ठेवलं नाही.

त्या दिवसापासून आमच्या मागल्या पडवीत जे सुरू झालं ते मी रोज शाळेतून आले की बघत बसायची. एका टोपलीत काथ्या पिंजून घातला होता आणि टोपली चुलीच्या भिंतीला टेकवून ठेवली होती, कारण त्या भिंतीला दिवसभर ऊब असायची. डाळ्यांचं पीठ करून आत्याने ते वस्त्रगाळ केलं. ते कोमट पाण्यात कालवायचं, पेजेसारखं पातळ, एकही गुठळी नको. आमच्याकडे पेज प्यायला फणसाच्या पानाचा चमचा करतात, पान वळून त्याला माडाच्या झावळीतल्या हिराची काडी टोचली की झाला. तसाच एक तिने कोवळ्या पानाचा केला, माझ्या करंगळीएवढा. मग एक थेंब मनगटाच्या आतल्या बाजूला टाकून बघायचा. गरम लागला तरी नाही, गार लागला तरी नाही.

आणि भरवायची तऱ्हा! मी असते तर चोच उघडून ओतलं असतं. आत्या दोन बोटांनी चोचीच्या दोन्ही बाजू हलकेच धरायची आणि जराशी हलवायची. पिलाला वाटायचं आईच आली. ते मान खालीवर करत घर्रघर्र आवाज काढत स्वतःच खेचून घ्यायचं. त्याच्या गळ्याखाली एक पिशवी असते, ती डोळ्यांदेखत फुगायची. आत्या तिला बोट लावून बघायची. "मऊ कणकेसारखी लागली की बस. टम्म झाली तर गुदमरेल. आणि ती रिकामी झाल्याशिवाय पुढचा घास नाही." उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत असं पाच वेळा चालायचं. मध्ये घरचा स्वयंपाक, गाईचं दूध काढणं, शहाळी मोजून देणं, सगळं चालूच. तिचा हात एकदाही थरथरलेला मी पाहिला नाही.

"तुला हे कोणी शिकवलं?" मी विचारलं.

"कोण शिकवणार? त्या ढोलीसमोर मी तीन वर्षं भांडी घासली. पोपटीण काय करते ते बघत होते," ती म्हणाली.

मी एकदा वाटीत दूध घेऊन गेले. गाय घरची, दुधाला काय तोटा! आत्याने वाटी बाजूला सारली. "पोपटीण दूध देते का ग पिलांना? मग त्याच्या पोटाला ते कसं ठाऊक असणार?" मला राग आला. आमच्या घरी लेकराला दूध, आजाऱ्याला दूध, देवाला दूध, आणि याला तेवढं पाणी? मला ते तिचं कद्रूपण वाटलं. मी फणकाऱ्याने वाटी परत नेली.

चार आठवड्यांत त्या नागड्या गोळ्याचा राघू झाला. खुंटं फुटून हिरवी पिसं आली, शेपटी आली, टोपलीच्या काठावर चढून तो आत्याच्या पदराचं टोक ओढायला लागला. आत्या म्हणाली, "आणखी आठ दिवसांनी याच्यापुढे दाणा ठेवायचा. आता दात आले म्हणायचे याला." ती हसली की तिचा चेहरा किती बदलायचा! मागच्या आठ वर्षांत ती एवढी हसली नसेल, असं वडील म्हणाले.

त्याच सुमारास माझ्या भावाचं उष्टावण ठरलं. सहावा महिना लागला होता. मामा बोर्ली पंचतनहून आला. चांदीच्या वाटीत खीर, खिरीत मामाची सोन्याची अंगठी, समोर पाट, रांगोळी, सगळं यथासांग. खीर कोणी केली? आत्याने. पहाटेपासून चुलीपुढे बसून तांदूळ भाजून, दूध आटवून. पण बाळाच्या तोंडाला अंगठी लागली तेव्हा आत्या स्वयंपाकघराच्या दारामागे होती. तिचं ढवळलेलं चालत होतं, तिने भरवलेलं चालत नव्हतं. हे लिहितानासुद्धा माझं डोकं तापतं.

मात्र त्या दिवशी माझं डोकं तापलं होतं ते वेगळ्याच कारणाने. बाळाचं एवढं कौतुक, ओवाळणं काय, नवं अंगडं काय, आणि आमच्या राघूला काहीच नाही! त्यालाही दात आले असं आत्याच म्हणाली होती ना? जेवणं झाली, पुरुषमाणसं ओटीवर आडवी झाली, आई बाळाला घेऊन पडली, आत्या खरकटी भांडी घेऊन विहिरीवर गेली. चांदीची वाटी देवापुढे तशीच होती, तळाला खीर आणि खिरीत अंगठी. मी ती उचलून पडवीत नेली. राघूच्या टोपलीभोवती पिठाची रांगोळी घातली, त्याच्या डोक्याला कुंकू लावलं आणि अंगठी बुडवून बुडवून त्याचं उष्टावण केलं. मामा मीच आणि भटजी मीच. आत्यासारखी दोन बोटं चोचीला लावली तर तो पठ्ठ्या माझ्याही हातून खेचून घ्यायला लागला. केवढा आनंद झाला मला! वाटी चाटूनपुसून संपवली. मग अंगठी धुऊन जागच्या जागी ठेवली आणि रांगोळी पायाने पुसून टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी राघूने तोंड उघडलं नाही. पिसं फुलवून, डोळे मिटून तो टोपलीच्या कोपऱ्यात बसला होता. गळ्याची पिशवी आदल्या दिवसासारखीच भरलेली, आणि हलवली की आत पाणी डचमळायचं. आत्याने त्याची चोच नाकाशी धरली. मग लगेच चुलीवर पाणी ठेवायला गेली.

शेजारच्या काकू ताक मागायला आल्या, त्यांनी टोपलीत डोकावून पाहिलं. "अग बाई, मान टाकलीन की. एवढं छान वाढलं होतं!" आणि मग आवाज उतरवून, पण आत्याला ऐकू जाईल इतकाच उतरवून, आईला म्हणाल्या, "असतो एकेकाचा हात." आईने त्यांच्या भांड्यात ताक ओतलं. काकू गेल्यावर मात्र ती पडवीच्या दाराशी येऊन उभी राहिली.

"वन्सं, राग मानू नका. पण चार दिवस बाळाच्या बाजूला येऊ नका."

"बरं, वहिनी," आत्या म्हणाली.

मी तिथेच होते. टोपलीला टेकून बसले होते. फटकळ तोंडाची मी, एरवी दहा जणांना गप्प करणारी, माझी दातखीळ बसली. सांगितलं तर सोन्याची अंगठी पाखराच्या तोंडात घातली म्हणून वडील सोलून काढतील, हे मला पक्कं ठाऊक होतं. चांदीची वाटी उष्टी केली म्हणून आई वेगळं मारेल. मी गिळून गप्प बसले. राघू मेला असता तर ते मरण जन्मभर आत्याच्या हातांवर राहिलं असतं, आणि मी ते राहू दिलं असतं. हे मी आज लिहिते आहे. तेव्हा मला फक्त पाठीवर बसणारा मार दिसत होता.

आत्याने त्याला तसं मरू दिलं नाही. तळहातावर पालथा धरून, डोकं किंचित खाली करून, ती अंगठ्याने ती पिशवी हलकेच चेपायची. आंबूस पांढरं पाणी चोचीतून बाहेर यायचं. दोन थेंब आले की लगेच सरळ धरून श्वास घेऊ द्यायची. पुन्हा दोन थेंब. घाई नाही, कंटाळा नाही. मग पानाच्या चमच्याने नुसतं कोमट पाणी आत, आणि तेही थोड्या वेळाने बाहेर. असं दिवसभर. खायला काही म्हणजे काही नाही. त्या दिवशी आमच्या घरी पिठलंभात झाला. वडिलांनी आपापलं वाढून घेतलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी राघूने शी केली. आत्या ते फडकं घेऊन धावत आली आणि मला दाखवलंन. "हिरवी आहे ग! उतरलं खाली!" देवळातला प्रसाद कोणी एवढ्या आनंदाने दाखवला नसेल. माझा जीव भांड्यात पडला. तरीही मी बोलले नाही. आता वाचलाच आहे, आता कशाला, असं मनाशी म्हटलं. लबाड कार्टी होते मी.

मग खरं उष्टावण सुरू झालं, आणि ते मामाच्या अंगठीइतकं सोपं नव्हतं. रोज सकाळी एका थाळीत भाताची चार शितं, भिजवलेली हरभऱ्याची डाळ, पपईची फोड, शहाळ्यातलं कोवळं खोबरं आणि कुंपणावरचं लालबुंद पिकलेलं तोंडलं. राघू काय करायचा? डाळ उचलायची आणि टाकायची. भातात पाय घालायचा. पपईला चोच पुसायची. आणि मग मान खालीवर करत आत्यापुढे घर्रघर्र करत उभं राहायचं, म्हणजे भरव. शेजारच्या काकू म्हणाल्या, हिरवी मिरची द्या, जीभ सुटेल. आत्या म्हणाली, आधी खाऊ दे, मग बोलू दे.

आत्या त्याच्यासमोर फतकल मारून बसायची. वाकड्या बोटाच्या नखाने थाळीत टक टक करायची, पोपटीण चोच मारते तशी. एक डाळ उचलून स्वतःच्या ओठांशी न्यायची आणि मिटक्या मारत खाल्ल्याचं सोंग करायची. सव्वीस वर्षांची बाई, पडवीत बसून, पोपटासमोर पोपट होऊन! मी पोट धरधरून हसायची. राघू मान वाकडी करून तिच्या तोंडाकडे बघायचा.

हसू फार दिवस टिकलं नाही. तिने दुपारचं भरवणं बंद केलं. चार दिवसांनी सकाळचं बंद केलं. संध्याकाळचं तेवढं ठेवलं, उपाशी पोटी झोप लागत नाही म्हणून. दुपारी राघू असा काही किंचाळायचा की वाडीत काम करणारे गडी मान वर करायचे. मी एकदा चोरून पीठ कालवायला घेतलं तर आत्याने मनगटच धरलं.

"तू कसाई आहेस," मी ओरडले. "वाचवलास तो काय असा मारायला?"

"मला भरवावंसं वाटत नाही असं वाटतं तुला?" ती मनगट न सोडता म्हणाली. "पण आत्ता भरवला तर हा जन्मभर माझ्या बोटाकडे बघत राहील. मी रोज त्याच्या छातीचं हाड चाचपते आहे. ते टोचायला लागलं की मीच पीठ कालवीन. तोवर तूही थांब, मीही थांबते."

ती थांबली. तो ओरडत असताना ती तिथेच, त्याच्यासमोर बसून राहिली. उठून गेली असती तर सोपं गेलं असतं तिला. तिच्याइतकी धीराची बाई मी दुसरी पाहिली नाही आणि आता काही दिसेल असं वाटत नाही.

वैशाख सरत आला होता. दुपारची वेळ. आई उंबऱ्याशी बसून बाळाला मऊ भात भरवत होती, म्हणजे भरवायचा प्रयत्न करत होती. उष्टावण झालं तेव्हापासून कार्टं एकही घास गिळत नव्हतं. आई घास कोंबायची, तो थुंकायचा, दोघंही रडकुंडीला यायची. मी आत्याजवळ होते. राघूने ओरडणं थांबवलं. थाळीकडे गेला. तोंडलं पायात धरलं, पहिल्यांदाच, आणि चोच मारली. लाल गर चोचीला लागला. मला वाटलं टाकणार. टाकला नाही. जिभेने फिरवला, मान वर केली आणि गिळला. पुन्हा चोच मारली. अर्धं तोंडलं त्याने आमच्यासमोर संपवलं आणि वर दोन डाळी फोडून खाल्ल्या. आत्याने त्याच्या गळ्याला बोट लावलं.

"खाल्लंन! वहिनी, खाल्लंन हो, आपापलं खाल्लंन!"

आईने पाहिलं. "वाचलं बाई," ती म्हणाली. "मध्ये काय झालं होतं देव जाणे. यावेळी तुमच्या हाताला यश आलं म्हणायचं, वन्सं."

यावेळी! मला ते सहन झालं नाही. इतके दिवस गिळलेलं सगळं एकदम बाहेर आलं. "तिच्या हाताला काही झालं नव्हतं! मी खीर पाजली त्याला! बाळाची उरलेली. मामाची अंगठी बुडवून मी पाजली. म्हणून आजारी पडला. मी तेव्हा सांगितलं नाही." आणि मी भोकाड पसरलं.

आई हात उगारून उठली. आत्या मध्ये आली.

"मारू नका, वहिनी. मला ठाऊक होतं."

"काय ठाऊक होतं?"

"खिरीचं. तो आजारी पडला त्या सकाळी चोच हुंगली तेव्हाच कळलं. आदल्या पहाटे खिरीत जायफळ मी किसलं होतं, मला वास कळणार नाही?"

आईचा हात तसाच राहिला. "मग बोलला का नाहीत? मी तुम्हाला एवढं… काकूंचं ऐकून…"

"पोरीला मार बसला असता," आत्या म्हणाली. "आणि मला ते ऐकायची सवय आहे."

मी रडायची थांबले. आईने उगारलेला हात खाली घेतला. मग ती उंबऱ्याशी गेली, बाळाला उचललं, भाताची वाटी उचलली आणि दोन्ही आणून आत्याच्या मांडीवर ठेवलं. "मला जमत नाही, वन्सं," ती म्हणाली. "तुम्ही भरवा."

आत्याने बाळ एका हाताने सावरलं. दुसरा हात मला पुढे करून म्हणाली, पाणी घाल. मी तांब्याने पाणी घातलं, तिने हात धुतला. पुन्हा म्हणाली, घाल. पुन्हा धुतला. भाताचा कण मनगटावर ठेवून बघितलान, बोटाच्या टोकावर घेतलान आणि बाळाच्या ओठांना नुसतं लावून थांबली. कोंबला नाही. थांबली. बाळाने जीभ बाहेर काढली, चाटून पाहिलं, तोंड हलवलं आणि गिळलं.

आई दाराला टेकून पदर तोंडात घालून हुंदके द्यायला लागली. आत्या रडली नाही. बाळाने दुसऱ्या घासासाठी तोंड उघडलं होतं.